सही कोणाची, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

जिंदाबाद.

म्यानमारला कर्ज देणाऱ्या विकास बँकांना पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा आणि सोबतचं मला लिहिलेलं पत्र, दोन्ही मिळालं. मसुदा नीट आहे. पत्राने मात्र मी अस्वस्थ झाले. मिझोरामच्या सीमेवर झोखावथारला भेटलेल्या, म्यानमारमधल्या चिन समाजाच्या त्या नर्सने तुला तोंडावर विचारलं, "बँकांनी हात आखडले तेव्हा आमच्या उपकेंद्रातली औषधं संपली, आणि तुम्ही अजून थांबवाच म्हणताय?" तुला उत्तर सुचलं नाही. परत आल्यावर तू काय केलंस, तेही मला दिसलं. 'म्यानमारच्या लष्करी राजवटीला कोणताही नवा निधी देऊ नये' हे वाक्य खोडून तिथे 'निधीबाबत फेरविचार व्हावा' असं टाकलंस. फेरविचार! बँकांना हेच हवं असतं बाबा. फेरविचार त्या वर्षानुवर्षं करू शकतात, चहाबिस्किटांसकट.

लोकशाही, मानवी हक्क यांवर मी तुला काही सांगत बसणार नाही. ते तुझ्यात नसतं तर सीमेवरच्या टियाऊ नदीपर्यंत तू गेलाच नसतास. मला सांगायची आहे एकच गोष्ट, आणि ती मी पुन्हापुन्हा सांगणार आहे. कर्जाच्या कागदावर सही कोणाची, ते आधी विचार.

विकास बँकेचं कर्ज जातं कसं, ते तुझ्या मसुद्यात गुळमुळीत आलंय. कर्ज मंजूर झालं म्हणजे सगळी रक्कम एकदम जात नाही. करार होतो, मग काम होईल तसतशी कर्जदार देश उचल मागतो. त्या अर्जावर सही कोण करणार, हे बँकेला आधीच कळवलेलं असतं, नमुना सह्यांसकट. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंगच्या सैन्याने निवडून आलेल्या नेत्या आँग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना उचललं. त्यानंतर जागतिक बँकेने जाहीर केलं की त्या तारखेपासून आलेल्या उचल अर्जांचे पैसे देणं थांबवलं आहे. आशियाई विकास बँकेनेही त्याच तारखेपासून सरकारी प्रकल्पांचे पैसे आणि नवी कंत्राटं रोखली. आदल्या दिवशीपर्यंत गावं तीच होती, विजेचे खांब तेच होते. बदलली होती ती सही. या बँकांच्या मनिलातल्या आणि वॉशिंग्टनमधल्या कारकुनांनाही जे तेव्हा कळलं, त्याचा तुला आज विसर पडावा?

जिथे उशीर झाला तिथे काय झालं, तेही बघ. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२१ मध्ये कोविडसाठी ३५ कोटी डॉलर मंजूर केले आणि बंडाच्या काही दिवस आधी पैसे पोचलेही. लष्कराने मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर बदलला, आणि त्या पैशांवरचा बाहेरच्यांचा ताबा संपला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधीने सदस्य देशांना ६५० अब्ज डॉलरचे एसडीआर (निधीचा राखीव साठा, गरजेला चलनात बदलता येतो) वाटले, तेव्हा मात्र म्यानमारचा वाटा लष्कराच्या हाती पडू दिला नाही. कारण साधं होतं. तिथलं सरकार नेमकं कोणतं, यावर सदस्य देशांचं एकमत नव्हतं.

तू गावाकडचा आहेस, म्हणून असं सांगते. उद्या बंदूक घेऊन कोणी तुमच्या घरात शिरलं, तुझ्या आईला माजघरात कोंडलं आणि तुमच्या सातबारावर ट्रॅक्टरच्या कर्जाचा बोजा चढवला, तर तू सोसायटीच्या सचिवाला काय विचारशील? ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा होता, हे?

बोजा उतरत नाही रे. राजवट जाते, बोजा राहतो. फिलिपिन्समध्ये हुकूमशहा मार्कोसच्या काळात बातानला अणुवीज प्रकल्प उभा राहिला, खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर. त्यातून एक युनिट वीज निघाली नाही, पण हप्ते लोक २००७ पर्यंत फेडत होते. अर्जेंटिनात १९७६ ला लष्कर आलं तेव्हा परकीय कर्ज सुमारे ८ अब्ज डॉलर होतं, १९८३ ला लष्कर गेलं तेव्हा ते ४० अब्जांच्या वर. आणि खुद्द ब्रह्मदेशात? १९८७ नंतर जागतिक बँकेने तिथे नवं कर्ज दिलं नाही, पण लष्करी हुकूमशहा ने विनच्या काळातलं जुनं कर्ज तसंच जिवंत राहिलं. जानेवारी २०१३ मध्ये जपानकडून तात्पुरते पैसे घेऊन ती थकबाकी भरली, आणि जपानचे पैसे परत करायला जागतिक बँकेने ४४ कोटी आणि आशियाई बँकेने ५१ कोटी डॉलरचं नवं कर्ज दिलं. म्हणजे हुकूमशहाने घेतलेलं कर्ज त्याच्या प्रजेच्या नातवंडांच्या नावावर नव्याने लिहिलं गेलं. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता त्या नर्सबद्दल. तिचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून तुझं पत्र पुढे जाऊ नये. पण तिला तू आठवण करून द्यायला हवी होतीस (तिला ती असणारच, ती त्यातूनच आली असेल) की बंडानंतर पहिला असहकार सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टर आणि नर्सनीच पुकारला होता. या राजवटीच्या सहीखाली काम करणार नाही, असं म्हणून ती माणसं नोकऱ्या सोडून निघाली, तुरुंगात गेली. सही कोणाची हा प्रश्न मी काढलेला नाही, त्यांनी काढलाय. मदत आणि कर्ज यांची गल्लत करू नकोस. औषधं, तांदूळ, तंबू जायलाच हवेत, सीमेपलीकडून, स्थानिक संघटनांच्या हातून, जमेल तिथून. त्याचा बोजा कोणावर चढत नाही. राजधानी नेपिडोच्या तिजोरीत टाकलेल्या पैशाने उपकेंद्र चालेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी २००८ चं नर्गिस चक्रीवादळ आठवावं. माणसं मरत होती आणि लष्कर परदेशी मदत अडवून बसलं होतं. मार्च २०२५ च्या भूकंपात मंडाले आणि सगाईंग कोसळलं, तेव्हाही हवाई हल्ले थांबले नव्हते. आणि रस्त्यासाठी दिलेल्या पैशातून रस्ता झाला, तरी रस्त्यासाठी बाजूला ठेवलेले त्यांचे स्वतःचे पैसे मोकळे होतात. ते कशाला जातात, हे मी तुला सांगायला नको.

तू पुढे लिहिलंस, "ताई, पण चीन देतोच ना? गॅसचे पैसे येतातच ना? मग आपण थांबवून काय होणार?" हे वाचून मी चिडले. हा प्रश्न मी तुझ्या वयाची असल्यापासून ऐकते आहे. सरदार सरोवराला १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर दिले. धरणाच्या बुडीतातलं मणिबेली गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आम्ही पत्रं टाइप करायचो, कार्बन लावून, आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या माणसांचे अंगठे घेऊन ती वॉशिंग्टनला पाठवायचो. जून १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने बँकेला मागे सरायला सांगितलं. ऑक्टोबरात अमेरिका, जर्मनी, जपान यांनी कर्जाविरुद्ध मत दिलं, तरी बहुमत सरकारच्या बाजूने. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. आणि धरण? झालं. त्याच वर्षी धरण बांधणाऱ्या सरदार सरोवर नर्मदा निगमने रोखे काढले, ३,६०० रुपयांना एक. आपल्यासारख्याच घरांनी घेतले. माझ्या काकांनी घेतले होते, आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ते मला त्याची आठवण करून द्यायचे.

मग काय, सगळं फुकट? अजूनही लोक मला हेच विचारतात, आणि अजूनही मी तेच सांगते. त्या लढाईतून बँकेचं तपासणी पॅनेल निघालं, जिथे आज कुठलंही बाधित गाव तक्रार नेऊ शकतं. पण ते सोड. आम्ही बँकेला म्हणालो होतो, आमच्या नावाने हे देऊ नकोस, आणि उरलेलं तिने दिलं नाही. उरलेलं भांडण आमचं आमच्या सरकारशी होतं. ते सरकार आम्हाला आवडो न आवडो, मतपेटीतून आलेलं होतं. त्याला सही करायचा हक्क होता, म्हणून आम्हाला पुनर्वसनाचे नियम कुठे कुठे मोडले ते पानापानाने सिद्ध करावं लागलं. तुझं काम त्यापेक्षा सोपं आहे. इथे सहीच खोटी आहे! इतकी मोठी गोष्ट हातात असताना तू फेरविचार मागतोस?

खंत एकच आहे. बाहेरचे पैसे थांबले म्हणून आम्ही गुलाल उधळला आणि घरातल्या पैशांकडे वळून पाहिलं नाही. तू पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या म्यानमारविषयीच्या विशेष प्रतिवेदकाने मे २०२३ मध्ये हिशेब मांडला, त्यात बंडानंतर भारतातून लष्कराकडे गेलेली शस्त्रं आणि सामग्री ५.१ कोटी डॉलरची होती. म्यानमारच्या श्वे वायुक्षेत्रात आपल्या सरकारी कंपन्यांचे, ओएनजीसी विदेश आणि गेलचे, हिस्से आहेत. २०१२ मध्ये मनमोहन सिंग म्यानमारला गेले तेव्हा ५० कोटी डॉलरची पतरेषा (लागेल तसं उचलायचं कर्ज) भारत सरकारच्या एक्झिम बँकेने देऊ केली, आणि ती बँक कफ परेडला आहे, तुझ्या खोलीपासून लोकलने तासाभरावर. टिळक मंडालेला होते, थिबा राजा रत्नागिरीला होता, असे उमाळे तू मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात काढलेस. ते काढून टाक. आपलं आजचं नातं कफ परेडला आहे.

आणि घाई कर. डिसेंबर २०२५ पासून त्यांनी टप्प्याटप्प्याने मतदान घेतलं. ज्या पक्षाने २०२० ची निवडणूक जिंकली तो २०२३ मध्येच विसर्जित केलेला, त्याची नेता तेव्हा कैदेत. आता कोणीतरी म्हणेल, गणवेश उतरला, आता बोलायला हरकत नाही. सत्ता बळकावणाऱ्यांशी व्यवहार कसा करायचा, याचं जागतिक बँकेचं ७.३० क्रमांकाचं धोरण आहे, ते वाच. त्यात देशावर ताबा आहे का, जुन्या देण्यांची जबाबदारी घेतात का, बाकीचे देश मानतात का, असे प्रश्न आहेत. लोकांनी सहीचा अधिकार दिला आहे का, हा थेट प्रश्न नाही. तो तू घाल.

पत्र बँकांच्या अध्यक्षांना पाठवू नकोस, ते पोच देतात आणि विषय संपतो. कार्यकारी संचालकांना पाठव, सदस्य देशांच्या वतीने मत तेच देतात. जागतिक बँकेत भारताच्या संचालकाकडे बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका यांचीही मतं असतात, आणि त्याचं नाव भारत सरकार ठरवतं, म्हणून प्रत अर्थ मंत्रालयाला आणि तुझ्या खासदाराला. आशियाई बँकेत जपान आणि अमेरिका यांच्याकडे प्रत्येकी पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत. जपानचं पत्र वेगळं लिही, छोटं, आणि त्यात २०१३ ची थकबाकी आण. एक्झिम बँकेचंही वेगळं. त्या नर्सला मसुदा वाचायला पाठव, तिची हरकत असेल तर ती जशीच्या तशी पत्रात घे, खाली तुझं उत्तर दे. आणि ते खोडलेलं वाक्य परत टाकून शुक्रवारपर्यंत मला पाठव. शनिवारी मी नंदुरबारला निघतेय, तिथे रेंजचा भरवसा नाही.

तुझी,
ताई