गाडी चढेल हो, पण रात्री झोपणार कुठे?

प्रश्न: माझ्याकडे १५० सीसीची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. जुलैमध्ये मी आणि बायको मनालीवरून लेहला जायचं म्हणतोय, पहिला मुक्काम सारचू, दुसऱ्या दिवशी लेह. ऑफिसमधले म्हणतात ३५०च्या खाली निघूच नका. गाडी चढेल का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: भाऊ, गाडी चढते. लेहमध्ये भाड्याने स्कूटर मिळते आणि लोक ती घेऊन खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड) करून येतात, तेव्हा ऑफिसवाल्यांचं ऐकायचं आणि सोडून द्यायचं. फक्त जोर कमी पडणार हे धरून चाला. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच जास्त असतो, इंजिनाला हवाच मिळत नाही, आणि तुमचा कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल इंदूरच्याच हिशोबाने सोडत राहतो, मग काळा धूर, काळा प्लग, आणि कुठे उभं राहिलं की गाडी बंद. एअर फिल्टर नवा टाका, आयडलिंग थोडं वाढवून घ्या, एक प्लग आणि क्लच केबल सोबत ठेवा. चढावर अर्धा क्लच दाबून रेस देत बसू नका, प्लेटा जळतात. कच्च्या चढावर वहिनींना शंभर पावलं चालावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा, तिथे सांगितलंत तर भांडण होईल.

मला खटकतोय तो तुमचा सारचूचा मुक्काम. मनाली २,०५० मीटर, सारचू ४,२९० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढून तिथेच तंबूत झोपायचं! तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो. आणि अटल टनेल झाल्यापासून (ऑक्टोबर २०२०) रोहतांग खिंडीचा वेळ वाचतो ना, त्यामुळे तर लोक आणखीच घाईने वर पोचतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात.

तुम्ही उलटं करा. आपली मालवा एक्सप्रेस जम्मूवरूनच जाते, पार्सल ऑफिसात चौकशी करून गाडी तिच्यात टाका, आरसीची कॉपी लागते आणि टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. जम्मूहून श्रीनगर, मग झोजी ला ओलांडून कारगिल (२,७०० च्या आत), मग फोटू ला करून लेह (३,५००). फोटू ला ४,१०८ मीटर आहे पण तिथे झोपायचं नसतं, चहा पिऊन खाली उतरायचं. लेहमध्ये दोन दिवस नुसतं बाजारात फिरा, भरपूर पाणी, दारू नाही. परत येताना मनालीचा रस्ता धरा, तोवर शरीर सरावलेलं असतं, तांगलांग ला (५,३२८ मीटर) पण मग तेवढा त्रास देत नाही. गाटा लूप्सची २१ वळणं तुम्हाला उतरायची आहेत, तेव्हा दुसऱ्या गिअरमध्येच सोडा, सारखा ब्रेक दाबून ठेवलात तर तो तापून ऐनवेळी पकडणार नाही. नाले सकाळी लवकर पार करा, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. लेह सोडल्यावर कारूला टाकी फुल करून वर कॅन भरून घ्या, पुढे टांडीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर पंपाच्या भरवशावर राहायचं नाही. सिम पोस्टपेड हवं, आपलं इकडचं प्रीपेड तिकडे चालत नाही.

आणि जुलै कशाला? मंडी-कुल्लूकडे पावसात दरडी येतात, रस्ता कधी बंद होईल नेम नाही. सुट्टी सरकवता आली तर सप्टेंबर बघा. तोवर एखाद्या रविवारी पूर्ण सामान लादून दोघं गाडीवर जानापावची टेकडी चढून या, वहिनींची कंबर काय म्हणते ते तिथेच कळेल.

प्रश्न: मुलगा मित्रांबरोबर बाईकवर लडाखला चाललाय. मी ऑक्सिजनचे छोटे डबे घेऊन देतेय, पुरतील ना?
– एक आई, सुदामानगर

उत्तर: ताई, तो डबा काही मिनिटांत संपतो. द्या हवं तर, तुमच्या जिवाला बरं वाटेल, पण त्याच्या जोरावर मुलगा आणखी वर चढायला नको. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नकोसं झालंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्याबसल्या धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असो की पाऊस, त्याला लगेच खाली न्यायचं आणि दवाखाना गाठायचा. बाईक स्वतः चालवायची नाही, जीपमध्ये बसवा. हे त्याच्या मित्रांनाही सांगा, कारण ज्याला त्रास होतो तो स्वतः कबूल करत नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) निघण्याआधी डॉक्टरला विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं.

प्रश्न: खारदुंग ला खरंच १८,३८० फूट आहे का? मित्राशी पैज लागलीय.
– एक वाचक, पलासिया

उत्तर: बोर्डावर तसं लिहिलेलं असायचं खरं, पण मोजणीत ५,३५९ मीटर निघते, म्हणजे साधारण १७,५८० फूट. लडाखमधलाच उमलिंग ला त्याहून उंच, १९,०२४ फूट आहे. तुम्ही बोर्डावर पैज लावली असेल तर सराफ्याच्या खाऊगल्लीत मित्राला गराडू खायला घाला.