पेन उचलायच्या आधी

कोल्हापूर,
रविवार, रात्री 10

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

आज अभ्यासिकेत तू एमबीए सीईटीच्या मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा, गणिताचा पेपर माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालीस, "ताई, माझं गणितच कच्चं आहे. क्लास बदलू का?" मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मला तुझी रफची पानं नीट बघायची होती. ती घरी घेऊन आले. जेवणं आवरल्यावर टेबलावर पसरून बसले, आणि सगळी बघून झाल्यावरच हे लिहायला घेतलंय. क्लास बदलू नकोस.

50 पैकी तू 33 सोडवलेस. 19 बरोबर, 14 चूक, 17 कोरे. त्या 14 चुकांवर मी एकेक करून पेन्सिलीनं खूण केली. फक्त 2 ठिकाणी तुला रीतच माहीत नव्हती. 5 ठिकाणी आकडेमोड घसरली. उरलेल्या 7 ठिकाणी जे विचारलं होतं ते सोडून तू दुसरंच काहीतरी काढलंस, आणि ते अगदी बिनचूक काढलंस. जिचं गणित कच्चं असतं तिचा पेपर असा दिसत नाही गं.

त्या 17 कोऱ्या प्रश्नांचं आधी सांगते, म्हणजे रागवायचं ते रागवून होईल. एमबीएच्या या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, गेल्या काही वर्षांचा साचा बघ: 200 प्रश्न, 150 मिनिटं, त्यातले 50 गणिताचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. यंदाचं माहितीपत्रक आलं की ते ओळ न ओळ वाच, नियम बदललेले असू शकतात. पण हा नियम आहे तोवर एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखून ठेव.

आता तुझं रफचं तिसरं पान. प्रश्न साधा होता: दुकानदारानं किंमत 25 टक्के वाढवून लिहिली आणि मग 20 टक्के सूट दिली, तर नफा की तोटा? तू क्ष धरलास. क्ष अधिक 25 क्ष भागिले 100, मग त्याचे 80 टक्के, मग छेद सारखे केलेस. सात ओळी झाल्या. उत्तर बरोबर आलं, पण बाजूला तूच वेळ लिहिलीयस, 1 मिनिट 50 सेकंद. सगळ्या पेपरची सरासरी काढलीस तर एका प्रश्नाला 45 सेकंद मिळतात.

हाच प्रश्न मराठीत मनाशी बोलून बघ. 25 टक्के वाढ म्हणजे सव्वापट. सव्वा म्हणजे चाराचे पाच झाले. 20 टक्के सूट म्हणजे पाचातला एक गेला, परत चार राहिले. जिथून निघालो तिथंच आलो, नफा नाही, तोटा नाही. पेन लागलंच नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द तुझ्या तोंडात लहानपणापासून आहेत. भाजी घेताना तू ते वापरतेस आणि पेपर समोर आला की गुंडाळून ठेवतेस, असं का?

माझे वडील इथल्या गूळ मार्केटात तोलाईला होते. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अपूर्णांकांचे हे जुने पाढे सगळे पाठ. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायची. समोर गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लागलेली असायची आणि ते मला विचारायचे, "आधी केवढं येईल ते सांग, मग मोज." 38 रवे, एकेक 30 किलोचा. मी बोटं मोडायला लागले की ते थांबवायचे. चाळीस रव्यांचे बारा क्विंटल, त्यात दोन रवे कमी, म्हणजे बाराच्या जरा खाली. एवढं बोलून झाल्यावरच वहीत 11 क्विंटल 40 किलो लिहायची परवानगी मिळायची. पुढं बँकेच्या परीक्षेला बसले तेव्हा कुठल्याही सूत्रापेक्षा ही सवय जास्त कामाला आली. तुला आज जे सांगायचंय ते हेच आहे: पेन उचलायच्या आधी उत्तर साधारण कुठं पडेल ते ठरव.

तुझा मिश्रणाचा प्रश्न घे. म्हशीचं दूध 7 फॅटचं, गाईचं 3.5 फॅटचं, मिश्रण 4.5 फॅटचं हवंय, म्हशीच्या दुधाचं गाईच्या दुधाशी प्रमाण किती? तू 5 : 2 ला खूण केलीस. अगं, तुझ्या घरी रोज डेअरीची फॅटची पावती येते! 4.5 हा आकडा 3.5 च्या जवळ आहे, म्हणजे मिश्रणात गाईचं दूध जास्त असणार. ज्या पर्यायात म्हशीचं जास्त, ते सगळे वाचताक्षणी बाद. मग अंतरं काढ: 4.5 वजा 3.5 म्हणजे 1, 7 वजा 4.5 म्हणजे 2.5. म्हशीचं 1 तर गाईचं 2.5, म्हणजे 2 : 5. तुझे आकडे बरोबरच होते, फक्त उलटे लागले. आधी अंदाज केला असतास तर ही चूक डोळ्यांना लगेच टोचली असती.

सरासरी वेगाचंही तसंच. कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाऊया, 20 किलोमीटर धर. जाताना चढ, ताशी 20 चा वेग. येताना ताशी 30. सरासरी? तू 25 लिहिलंस. जाताना पूर्ण एक तास गेला, येताना 40 मिनिटं. हळू चाललेली गाडी जास्त वेळ रस्त्यावर होती, म्हणून सरासरी 25 च्या खालीच येणार. 40 किलोमीटरला 100 मिनिटं, म्हणजे ताशी 24. आणि 25 हा पर्याय तिथं मुद्दाम ठेवलेला असतो. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं मुलं कुठं घसरतात ते.

आता पाठांतराबद्दल. तू म्हणालीस, अपूर्णांकांचा तक्ता पाठ होत नाही, एक सप्तमांश म्हणजे 14.28 टक्के हे तर दर वेळी विसरतेस. तू राधानगरी तालुक्यातली. पावसाळ्यात धरण भरलं आणि स्वयंचलित दरवाजा उघडला की बातमीत काय आकडा येतो? एका दरवाजातून 1428 क्युसेक. दरवाजे किती? सात. हा आकडा तू जन्मापासून ऐकतेयस. 1428 साती 9996, म्हणजे सातही दरवाजे उघडले की जवळजवळ 10,000 क्युसेक. 10,000 चा सातवा हिस्सा 1428 आणि 100 चा सातवा हिस्सा 14.28. आता परत विसर बघू.

इथं जरा थांबते, कारण नळ-टाकीचा अख्खा धडा या धरणात आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. सातही दरवाजांतून सेकंदाला 10,000 घनफूट जात असेल, तर एक टीएमसी जायला 1 लाख सेकंद लागतील. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे एक दिवस आणि वर पावणेचार तास. एकच दरवाजा उघडा असेल तर सातपट वेळ, आठ दिवसांच्या आसपास. वरून पाऊस येतोय तो भरणारा नळ, दरवाजे रिकामा करणारे नळ, वजाबाकी करून उरेल तो खरा वेग. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीवरून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकत असतं तेव्हा इथं घराघरात लोक हेच गणित करत बसलेले असतात: तासाला किती इंच चढतंय, अजून किती तास आहेत. तुझ्या घरच्यांनीही केलेलं आहे. तू मात्र पेपरात नळ-टाकी दिसली की प्रश्न सोडून पुढं जातेस.

तक्ता पाठ करतानाही जोड्या लावून कर. एक चतुर्थांशानं वाढलं तर मूळ जागी यायला एक पंचमांशानं कमी करावं लागतं. वरचा 25 आणि 20 टक्क्यांचा प्रश्न तोच. तसंच एक अष्टमांश वाढ, म्हणजे 12.5 टक्के, तर परत येताना एक नवमांश, म्हणजे 11.11 टक्के. 9 आणि 11 ची जोडीही गमतीची आहे: एक नवमांश 11.11, एक एकादशांश 9.09. बारापर्यंतचे अपूर्णांक, 30 पर्यंतचे वर्ग आणि 25 पर्यंतचे पाढे एवढं ठेव. त्यापलीकडच्या शंभर शॉर्टकटच्या पीडीएफ मोबाईलमधून काढून टाक. आयत्या वेळी कुठला लावायचा हे आठवण्यातच मिनिट जातं.

काळ-कामाच्या प्रश्नाला तू अजून एक छेद बारा अधिक एक छेद पंधरा करत बसतेस. त्याऐवजी उसाचा फड डोळ्यांसमोर आण. एक टोळी तो 12 दिवसांत तोडते, दुसरी 15, तिसरी 20. लसावि 60, म्हणून फडात 60 गाड्या ऊस आहे असं समज. पहिली टोळी रोज 5 गाड्या तोडते, दुसरी 4, तिसरी 3. तिघी मिळून 12. 60 गाड्या 5 दिवसांत. मधेच एक टोळी निघून गेली, दोन दिवस उशिरा आली, काहीही विचारू दे, तू फक्त गाड्या मोजायच्या. अपूर्णांक कुठं येतच नाहीत.

तक्ते आणि आलेखांच्या प्रश्नांत तू चांगली आहेस, त्याबद्दल काही सांगत नाही. संभाव्यता शेवटी ठेव.

पण त्या 7 चुका. त्यांच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले. पेपर इंग्रजीत, तू मराठी माध्यमातली, मीही तशीच. तुला इंग्रजी येत नाही असं नाही, पण घाईत तू आकडे वाचतेस आणि आकड्यांमधले बारके शब्द ओलांडून जातेस. "रिड्यूस्ड बाय" (इतक्यानं कमी) आणि "रिड्यूस्ड टू" (इतक्यापर्यंत कमी) मध्ये किती फरक आहे बघ. 50 रुपयांची वस्तू 20 रुपयांनी उतरली तर 30 ला मिळते, 20 रुपयांपर्यंत उतरली तर 20 ला. एवढ्याशा शब्दानं उत्तर बदलतं.

माझ्या पहिल्या परीक्षेत मला "ऑफ द रिमेनिंग" नं फसवलं. पगाराचा एक तृतीयांश भाड्याला, उरलेल्याचा एक चतुर्थांश किराण्याला, असा प्रश्न होता. पगार 24,000 धर. भाडं 8,000, उरले 16,000, त्याचे 4,000 किराण्याला, हातात 12,000. मी "उरलेल्याचा" हा शब्द वाचलाच नाही. 24,000 चे 6,000 काढले, हातात 10,000 उरवले, आणि तो पर्याय समोर होता म्हणून निर्धास्त पुढं गेले. घरी येऊन मैत्रिणीशी उत्तरं ताडताना कळलं. त्या वर्षी माझी निवड थोडक्यात हुकली. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांनी त्या रात्री जेवताना मला तो प्रश्न मराठीत सांगायला लावला, आणि सांगता सांगता माझी मलाच चूक सापडली.

तेव्हापासून मी एक करते, तूही कर. प्रश्न स्क्रीनवर वाचून झाला की रफ कागदावर सगळ्यात आधी काय विचारलंय ते दोन शब्दांत मराठीत लिही. "हातात किती?" "किती दिवस?" "मूळ किंमत?" मग आकडे उतरव. उतरवतानाही जप, कारण आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि घाईत हात 36 लिहून जातो. तुझ्या त्या 5 आकडेमोडीच्या चुकांतल्या 2 अशाच आहेत, पान 4 आणि पान 6. मी गोल केलेत.

वेळेचं असं कर. पहिल्या फेरीत प्रश्न वाचून वाट दिसली तरच हात घाल, नाही दिसली तर खूण करून पुढं हो. दीड मिनिट झालं आणि उत्तर येत नसेल तर सोड, कितीही जवळ आलंय असं वाटलं तरी. तू 22 व्या प्रश्नावर सहा मिनिटं होतीस. त्याच सहा मिनिटांत शेवटच्या पानावरचे पाच सोपे प्रश्न झाले असते. मी ते बघितले, सगळे तुला येणारे आहेत.

या आठवड्यात नवीन मॉक देऊ नकोस. एक कोरी वही घे. ते 14 प्रश्न एकेका पानावर उतरव. वर तुझा अंदाज, खाली उत्तर, आणि बाजूला एका ओळीत कुठं चुकलं ते तुझ्या शब्दांत, जसं बोलतेस तसं. 17 कोऱ्यांपैकी नळ-टाकीचे तीन आहेत, तेही घे, आणि ते सोडवताना धरणच डोळ्यांसमोर ठेव.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी अभ्यासिकेत असेन. वही घेऊन ये. क्लासच्या नवीन बॅचचे पैसे भरले नसशील तर आता भरू नकोस. वडिलांना फोन केलास की माझा नमस्कार सांग, आणि डेअरीच्या दहा दिवसांच्या पावत्या जपून ठेवायला सांग. त्यांच्यावरून सरासरीचे प्रश्न मी स्वतः तयार करणार आहे.

तुझी,
ताई