वाचकांचे प्रश्न : लाल पेन आणि यंत्राची वही

या महिन्यात गोव्यातील शाळांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता, शाळेतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर, म्हणून इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे चौदा शिक्षक असून त्यांपैकी नऊजण पंचेचाळिशीच्या पुढचे आहेत. गेल्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेवर दिवसभराची कार्यशाळा झाली. पंधरा-वीस साधने पडद्यावर झरझर दाखवण्यात आली, प्रमाणपत्रेही मिळाली. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांतल्या एकाही साधनाला कोणी हात लावला नाही. एक ज्येष्ठ शिक्षिका मला म्हणाल्या, ‘मॅडम, या वयात मुलांसमोर हसे नको.’ आता सक्ती करावी का?

उत्तर : सक्ती करू नये, केलीत तर टाचणांच्या वह्यांत ‘ए.आय.चा वापर केला’ अशी एक ओळ वाढेल आणि बाकी सारे पूर्वीसारखेच चालेल. आपल्या पत्रातील खरा धागा त्या ज्येष्ठ शिक्षिकेच्या वाक्यात आहे. जी व्यक्ती दिवसभर जाणत्याच्या जागी उभी असते, तिला कार्यशाळेत सहकाऱ्यांच्या देखत अजाणत्याच्या बाकावर बसवले जाते आणि तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान वक्ता बटणे कोठे आहेत ते सांगत राहतो. बटणे शिकण्यास अर्धा तास पुरतो. कमीपणा वाटू लागला, की तो मात्र वर्षभर जात नाही. म्हणून सुरुवात यंत्रापासून न करता त्या शिक्षिकेला जो पाठ डोळे मिटूनही शिकवता येतो, त्या पाठापासून करावी.

तिसवाडीतील एका शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे होताना पाहिले आहे. भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंच्या माहेरची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, आहे आणि खाजनांवरचा पाठ त्या अनेक वर्षे शिकवत आल्या आहेत. एका तरुण सहकाऱ्याने त्यांच्या फोनवरून चॅटबॉटला, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहून देणाऱ्या यंत्राला, खाजन शेतीतील ‘मानस’ समजावून देण्यास सांगितले आणि आलेले उत्तर कागदावर छापून त्यांच्यापुढे ठेवले. मानस म्हणजे खाजन राखणाऱ्या शेतकऱ्यांची सामूहिक मनोवृत्ती होय, असे त्यात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते आणि पुढे त्या मनोवृत्तीचे चार गुणही दिले होते. बाईंनी पर्समधून लाल पेन काढले. खाजनाच्या बांधात बसवलेल्या दारांना मानस म्हणतात. भरतीच्या पाण्याचा दाब आला की ती मिटतात आणि ओहोटीला आतील पाणी बाहेर जाऊ देतात, हे त्यांनी समासात लिहिले, दहापैकी तीन गुण दिले आणि ‘पुन्हा लिहून आणणे’ असा शेराही मारला. त्या दिवशी स्टाफरूममध्ये हसे झाले ते यंत्राचे. पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न विचारण्यासाठी फोन बाईंनी स्वतः मागून घेतला.

ही चूक नुसती गमतीची नव्हती. यंत्र कसे चालते, हे तिच्यातून दहा मिनिटांत समजावता आले. चॅटबॉट माहितीच्या कपाटातून नेमकी फाइल काढून देत नाही. ज्या प्रचंड मजकुरावर तो घडवला गेला आहे, त्याच्या आधारे आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज करत तो वाक्य पुढे नेतो. मराठी मजकुरात ‘मानस’ हा शब्द मनाच्या अर्थाने शेकडो वेळा येतो, तर बांधाच्या दाराच्या अर्थाने फक्त आपल्या किनारपट्टीतच भेटतो. त्यामुळे अंदाज त्या बाजूला झुकला. हे लक्षात आले, की शिक्षकांना विश्वास कोठे ठेवावा याचाही आडाखा मिळतो. प्रकाशसंश्लेषणावर जगभर इतके लिहिले गेले आहे, की त्याचे सोपे स्पष्टीकरण बहुधा बरे येते. विषय गावाच्या वेशीजवळ येऊ लागला, की चुका वाढतात. गोव्याच्या इतिहासातील १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आणि ३० मे १९८७ चे घटक राज्य या तारखांवर बहुपर्यायी प्रश्न करून घेतलेत, तर प्रत्येक प्रश्न क्रमिक पुस्तक शेजारी ठेवूनच वाचावा.

याचा उलट उपयोगही त्याच बाईंनी शोधला. खाजनांवरची स्वतःची दीड पानांची टिपणे त्यांनी चॅटबॉटला दिली आणि ‘केवळ या मजकुराच्या आधारे आठवीसाठी दहा प्रश्न कर, बाहेरचे काही घालू नकोस’ असे सांगितले. आलेल्या दहा प्रश्नांपैकी सात चांगले होते, दोन भाषेने अवघडलेले होते आणि एकाची दोन उत्तरे बरोबर ठरत होती. सात प्रश्न मिळाले आणि रविवारचा एक तास वाचला, एवढा हिशेब बाईंना पुरेसा वाटला.

आपल्या शाळेत कार्यशाळेऐवजी आठवड्यातून एक तास ठेवावा. त्या तासाला तिघांहून अधिक शिक्षक नसावेत, पडदा नसावा आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचाच फोन असावा. संगणकाच्या शिक्षकांकडे सर्व भार सोपवण्याची सवय आपल्याकडे आहे. २०२१ मध्ये कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आपल्या शाळांत आली, तेव्हापासून तर असे सारे संगणक कक्षातच घडायचे असते, असा समज पक्का झाला आहे. या विषयात मात्र मराठीचे, इतिहासाचे आणि विज्ञानाचे शिक्षक एकत्र बसणे अधिक उपयोगी ठरते, कारण चूक पकडायला तंत्रज्ञान लागत नाही, विषय लागतो. पहिला तास आपण स्वतः घ्यावा आणि त्यात आपली एखादी फसगत सर्वांना दाखवावी. मुख्याध्यापिकेचे फसलेले उत्तर पाहिल्यावर इतरांना धीर येतो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्या तासांचा काही भाग स्टाफरूममधील अशा अभ्यासाला मिळावा, असे मला वाटते. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात १५ क्षमता आणि तीन पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीवर मूलभूत समज मिळवण्याचीच अपेक्षा आहे. आपले वक्ते थेट तिसऱ्या पायरीवरून बोलत होते, असे पत्रावरून दिसते. आराखडा आपण जरूर वाचावा. भिंतीवर लावू नये.

कोठे वापरावे, हे मात्र शिक्षकांनाच ठरवू द्यावे. आपल्याकडे बरीच मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून घेतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येतात. विज्ञानाच्या धड्यातील इंग्रजी शब्दांना सोप्या मराठीत अर्थ आणि एकेक वाक्य, असा तक्ता करून घेणे हे पाचवी-सहावीच्या शिक्षकांना मी सुचवीन असे पहिले काम आहे. वाचून दुरुस्त केल्याशिवाय तो तक्ता वर्गात नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : डिचोली तालुक्यात मी मराठी शिकवतो. निवृत्तीला तीन वर्षे राहिली आहेत. मला देवनागरी टंकलेखन येत नाही आणि यंत्राचे मराठी वाचवत नाही. अशा माणसाने या फंदात का पडावे?

उत्तर : टंकलेखनाची अडचण किरकोळ आहे. फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडून माइकचे चिन्ह दाबावे आणि वर्गात बोलतो तसे सावकाश बोलावे. विरामचिन्हे नंतर घालता येतात.

यंत्राचे मराठी वाचवत नाही, ही मात्र आपली पात्रता आहे. त्या मराठीत हिंदीची छाया पडते, ‘महत्त्वाचे’ असावे तेथे ‘महत्वपूर्ण’ येते, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो आणि ‘च्या माध्यमातून’ तर दर दोन वाक्यांनी भेटते. याचे एक कारण म्हणजे अशा यंत्रांना मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा असतो. असा एक उतारा फळ्यावर लिहून नववीच्या मुलांना तो शुद्ध आणि सहज मराठीत आणायला सांगावे. व्याकरणाचा असा जिवंत पाठ दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही, आणि त्या पाठात यंत्राला चांगले मराठी लिहिता येण्याची गरजच पडत नाही.

प्रश्न : पेडणे तालुक्यातील शाळेत मी दोन वर्षांपासून शिकवते. मुले चॅटबॉटकडून निबंध लिहून आणतात. ते ओळखणारी संकेतस्थळे विश्वासार्ह आहेत का?

उत्तर : नाहीत. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले करणाऱ्या ओपनएआय कंपनीने असे ओळखयंत्र स्वतःही आणले होते. अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये कंपनीला ते बंद करावे लागले. संकेतस्थळाने दाखवलेल्या टक्क्यांवरून एखाद्या मुलावर आळ घेणे अन्यायाचे होईल.

त्यापेक्षा विषय बदलावा. ‘गणेशोत्सव’ असा विषय दिलात तर यंत्राला तो तोंडपाठ आहे. ‘यंदा आमच्या माटोळीला (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या चौकटीला) कोणी काय आणले’ असा दिलात, तर कांगलां कोणी शोधून आणली, आंबाडे कोणत्या शेजाऱ्याकडून आले आणि सुपारीचा घड बांधताना काय गोंधळ झाला, हे मुलालाच सांगावे लागते. पहिला परिच्छेद वर्गात, तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत लिहून घ्यावा आणि उरलेला घरी पूर्ण करू द्यावा. दोन्ही भागांतील हात एकच आहे की नाही, ते आपल्याला कळेलच.

प्रश्न : मी मुरगाव तालुक्यातील पालक आहे. मुलीच्या उत्तरपत्रिकेचा फोटो शिक्षकांनी चॅटबॉटला देऊन अभिप्राय घेतला, असे तिने सांगितले. हे योग्य आहे का?

उत्तर : हेतू चांगला असला तरी पद्धत योग्य नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद त्यात आहे. मुलांनी ही साधने स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान वय १३ असावे, असे युनेस्कोच्या सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेने सुचवले आहे. मात्र येथे साधन शिक्षकांनी वापरले, म्हणून प्रश्न वयाचा नसून माहितीचा आहे.

शिक्षकांशी भांडण न मांडता पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. उत्तरपत्रिका, हजेरीपट, आजारपणाचे अर्ज यांचे फोटो बाहेरील कोणत्याही साधनाला देऊ नयेत, ही पहिली. दुसरी अशी, की अभिप्रायासाठी मदत हवीच असेल, तर नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचा उल्लेख वगळून केवळ तेवढे उत्तर शिक्षकांनी स्वतः टंकित करावे, आणि गुण मात्र त्यांनीच द्यावेत.