इंजिन चालू, गिअर पडतो, पण व्हॅन जागची हलत नाही

प्रश्न : माझी व्हॅन 22 वर्षांची आहे. मागच्या चाकांवर चालणारी, हाताने टाकायचे पाच गिअर. माल भरलेला होता. चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच सोडला, मागून ‘खाड’ असा एकच आवाज आला आणि गाडी जागीच राहिली. इंजिन छान चालते, रिव्हर्ससकट सगळे गिअर पडतात; पण क्लच पूर्ण सोडला तरी गाडी हलत नाही आणि इंजिनही बंद पडत नाही. जळका वास नाही. मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायचा म्हणतो. त्याआधी काही तपासता येईल का?

उत्तर : येईल, आणि ते तपासल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणे तुटलेल्या एक्सल शाफ्टकडे, म्हणजे मागच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याकडे, बोट दाखवतात. क्लचप्लेट झिजली असती तर बरेच दिवस आधीपासून इंजिनचा आवाज चढला असता, वेग वाढला नसता आणि जळका वास आला असता. गिअरबॉक्सचा एखादा दात गेला असता तर एखादा गिअर गेला असता, सगळे एकदम नाही.

एकच शाफ्ट तुटला तर दुसरे चाक गाडी का ओढत नाही, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. साधा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणारी मधली दातेरी यंत्रणा, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एका बाजूला शाफ्टचा तुकडा मोकळा फिरू लागला की त्या बाजूचा जोर शून्यावर येतो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही शून्यच मिळतो. लॉक होणारा डिफरन्शियल असेल तर मात्र गाडी थोडीफार चालू शकते.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या : ही गाडी आता गिअरवर उभी राहणार नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर घरंगळेल. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्यावर) असतो. तिथे तोही धरणार नाही. म्हणून सपाट जागा घ्या, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून उट्या (चाक अडवणारे ठोकळे) लावा, मग मागचा एक्सल उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. सगळी तपासणी इंजिन बंद ठेवून, हाताने करायची आहे.

खाली जाण्याआधी गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे रॉड किंवा केबल पाहून घ्या. जोडातला बुश निसटला तर लिव्हर हलतो, ‘गिअर पडला’ असे वाटते, पण आत काहीच होत नाही. एकाने लिव्हर हलवावा, दुसऱ्याने बाहेरून गिअरबॉक्सवरचा आर्म हलतो का ते बघावे.

मग हँडब्रेक सोडा, पहिला गिअर टाका आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघा. थोडी ढील वगळता तो अडला पाहिजे. मोकळा फिरला तर दोष पुढे आहे : क्लचप्लेटचा मधला भाग फाटला असेल, त्याचे स्प्लाइन (शाफ्टला धरणाऱ्या खाचा) गेले असतील किंवा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तुटला असेल. तेव्हाच गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ आहे. अडला, तर दोष मागे आहे.

आता गिअर तसाच ठेवून एक मागचे चाक फिरवा. दुसरे चाक उलट दिशेने फिरायला हवे. नाही फिरले तर बहुधा एक्सल शाफ्ट गेला आहे. कोणत्या बाजूचा, ते हाताला कळते : तुटलेल्या बाजूचे चाक नुसत्या बेअरिंगवर हलके फिरते, चांगल्या बाजूला दात्यांचा आणि ऑइलचा जडपणा लागतो. चाके नीट उलटसुलट फिरली, तर न्यूट्रल करून दोघांनी दोन्ही चाके एकाच दिशेने फिरवा. प्रोपेलर शाफ्ट फिरला नाही तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलला फिरवणारी दातेरी जोडी) किंवा पिनियनचा फ्लँज (जोडणारी चकती) तपासावा लागेल.

शाफ्ट काढताना हब कसा आहे ते पाहा. चाकाच्या मधोमध बोल्टांची गोल फ्लँज बाहेर आलेली दिसत असेल, तर बहुधा चाकाचा भार एक्सलच्या नळीवर आहे. बोल्ट काढले की शाफ्ट ओढून निघतो, चाक जागेवर राहते. ज्या गाड्यांत चाक थेट शाफ्टलाच बोल्टने बसते, त्यांत तुटलेल्या शाफ्टवर गाडी ओढून नेऊ नका. चाक ड्रमसकट बाहेर येऊ शकते. मागचा भाग उचलूनच न्या.

शाफ्टचे तुटलेले तोंड पुसून उजेडात धरा. काळपट, गुळगुळीत भाग, त्यावर शिंपल्यासारख्या बारीक वक्र रेषा, आणि उरलेला भाग खरखरीत व चमकदार असेल, तर चीर बऱ्याच काळापासून वाढत होती. त्या दिवशीच्या चढाने फक्त शेवट केला. तसे असेल तर दुसऱ्या बाजूचा शाफ्टही तेवढाच थकलेला असू शकतो. मी तरी दोन्ही बदलायला सांगेन. संपूर्ण तोंड ताजे आणि पीळ पडलेले असेल, तर एकदाच आलेला जादा जोर कारण आहे.

आत राहिलेला तुकडा काढल्याशिवाय नवा शाफ्ट घालायचा नाही. दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून लांब सळईने तो ढकलता येतो, पण काही डिफरन्शियलमध्ये मधली पिन आड येते; मग मागचे झाकण उघडावे लागते. जुने ऑइल पूर्ण काढून आतला किस धुवा. नवे सील, नवा गॅस्केट, आणि फ्लँजचे बोल्ट समोरासमोर आळीपाळीने, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. ऑइलचा दर्जाही मॅन्युअलप्रमाणेच. अशा एक्सलना बहुधा जीएल-5 दर्जाचे, 80डब्ल्यू-90 जाडीचे ऑइल लागते. सपाटीवर भरणाऱ्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत भरा. ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारे छिद्र) साफ करायला विसरू नका. तो तुंबला की दाब वाढून ऑइल नव्या सीलमधून ब्रेक लायनरवर येते.

प्रश्न : ऑइल काढल्यावर ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल जमलेला दिसला. घाबरायचे का?

उत्तर : बोटांत चोळून बघा. लोण्यासारखा मऊ लागला तर ती रोजची झीज आहे. नखाला टोचणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा कोपरा सापडला तर झाकण उघडून प्रत्येक दात पाहा. तशी गाडी ‘थोडी चालवून बघू’ म्हणू नका. एक तुकडा दातांत अडकला तर एक्सल जॅम होतो.

प्रश्न : माझी जुनी व्हॅन ऑटोमॅटिक आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. अचानक ड्राइव्ह गेला. गिअरबॉक्सच गेला ना?

उत्तर : सपाटीला, चाकांपासून थोड्या अंतरावर उट्या लावून, ‘पी’ (पार्क) मध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडून गाडी हाताने ढकलून पाहा. सहज सरकली तर एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट तुटला किंवा आतल्या जॉइंटमधून निसटला असण्याचा संभव मोठा. इंजिनचे माउंटिंग आणि खालचा बॉल जॉइंट तपासा. ते सुटले की शाफ्ट ओढला जातो. गाडी ‘पी’ मध्ये घट्ट राहिली तर ट्रान्समिशन ऑइल मॅन्युअलच्या पद्धतीने मोजा. कमी असेल तर गळती शोधा. काळे आणि जळक्या वासाचे असेल तर बहुधा आतले क्लच जळले आहेत.