दीड लाखाचा खिशातला कॅमेरा आणि मृगबागेचे पैसे

प्रश्न : वय ३४, रावेर तालुक्यात चार एकर केळी. दोन एकर मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची) काढणी झाली, हातात ४,१०,००० रुपये आले. दोन एकर कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघेल. सोसायटीचं पीककर्ज १,६०,०००, बँकेत ९०,०००ची एफडी. घरखर्च महिना २२,०००, पत्नीचं शिवणकाम महिना ६,००० देतं. विमा कुठलाच नाही. फोटोचा नाद जुना आहे. फुजीफिल्मचा एक्स १०० व्हीआय घ्यायचा आहे. दुकानदार १,६०,००० सांगतो, १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवरही देतो. दुसरा पर्याय म्हणजे जळगावात ६०,०००ला मिळणारा वापरलेला सोनी आरएक्स १०० मार्क सेव्हन. चार वर्षांची मुलगी, घरचे कार्यक्रम, अजिंठा आणि हतनूरचे पक्षी टिपायचे आहेत. साखरपुडा-वाढदिवसाच्या ऑर्डरी घेऊन पैसे वसूल होतील असं वाटतं. फोन चांगला आहे, मग फरक खरंच पडतो का? घ्यावा का?

उत्तर : भाऊ, फरक पडतो. पण आज घेऊ नका. ईएमआयवर तर नकोच, आणि साठ हजारांचा सोनीही नको.

आधी ४,१०,०००चं बघू. पीककर्जाचे १,६०,००० बाजूला काढा, उरले २,५०,०००. नवी मृगबाग लावायची वेळ हीच आहे. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७४० रोपं, म्हणजे दोन एकरांना ३,५००. टिश्यूकल्चरचं रोप १७ रुपयांनी धरलं तर ५९,५०० नुसत्या रोपांचे. बेसल डोस (लागवडीवेळचं खत), ठिबकची डागडुजी, मजुरी आणि नोव्हेंबरपर्यंतची खतं धरून आणखी ७०,०००. उरले साधारण १,२०,०००. उभ्या कांदेबागेला अजून २५,००० लागतील, उरले ९५,०००. काढणीपर्यंत पाच महिने घर चालवायचं, त्याचे १,१०,०००. शिवणकामाचे ३०,००० मिळवले तरी खाली १५,०००च उरतात. कॅमेऱ्याचा निर्णय या पंधरा हजारांवर घ्यायचा आहे, चार लाखांवर नाही.

‘कर्ज भरलं की सोसायटी पुन्हा उचल देईल, नवं-जुनं होऊन जाईल’ हा विचार मनात आला असेलच. उचल मिळेलही. पण ती बागेसाठी असते, आणि वेळेत फेडली तरच तीन लाखांपर्यंतचं व्याज सवलतीने शून्यावर येतं. थकलं की सवलत जाते. त्या पैशातून कॅमेरा घेणं म्हणजे तो नोव्हेंबरच्या केळीच्या भावावर घेणं. दोन एकरांत नव्वद टक्के घड निघाले आणि २० ची रास (घडाचं सरासरी वजन २० किलो) धरली तर ६३० क्विंटल माल होतो. क्विंटलमागे भाव नुसता शंभर रुपयांनी हलला तरी ६३,००० इकडचे तिकडे. त्यात मधे वादळाने बाग झोपली किंवा सीएमव्ही हा विषाणूचा रोग घुसला, तर हा हिशोबच उरत नाही.

त्या पंधरा हजारांना दुसरं काम आहे : तिघांचा मेडिक्लेम. तुमच्या वयाच्या कुटुंबाला दहा लाखांच्या फ्लोटरचा (सगळ्या घराला मिळून एकच विमा) हप्ता पंधरा-वीस हजारांच्या घरात येतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. जनआरोग्य योजनेचा आधार आहे, पण तो यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच. थोडे पैसे कमी पडले तर ते एफडीतून घ्या. एफडीला हात लावायचा तर यासाठी लावावा.

आता नो-कॉस्ट ईएमआय. व्याज असतंच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते आणि बँक ते तुमच्याकडून घेते. १,६०,०००वर १६ टक्के दर आणि १२ हप्ते धरले तर आतलं व्याज १३,०००च्या आसपास निघतं, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे २,३०० रुपये तुमच्याच खिशातून जातात. प्रोसेसिंग फी वेगळी. रोख घेणाऱ्याला दुकानदार जे दोन-चार हजार सोडतो तेही गेले. पण खरी अडचण दुसरीच आहे. हप्ता दरमहा १३,३३३चा, आणि तुमच्याकडे पैसा येतो वर्षातून दोनदा. एक हप्ता चुकला की क्रेडिट कार्डचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढतं. पगारदाराला जे जमतं ते बागायतदाराला जमेलच असं नाही.

आता फोटोचा दर्जा, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. अंधारात फोटो कसा येईल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : सेन्सर केवढा आणि लेन्स किती उघडते. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण ७० चौरस मिलिमीटरचा आणि लेन्स एफ/१.८ची (हा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते). एक्स १०० व्हीआयचा एपीएस-सी सेन्सर ३६६ चौरस मिलिमीटरचा, लेन्स एफ/२. सेन्सरच्या क्षेत्रफळाला एफच्या आकड्याच्या वर्गाने भागून बघितलं तर त्याच शटरला (सेन्सरवर प्रकाश पडतो तेवढ्याच वेळात) फुजी फोनच्या सुमारे चौपट प्रकाश गोळा करतो. सोनीचा एक इंची सेन्सर ११६ चौरस मिलिमीटरचा, पण त्याची झूम लेन्स रुंद टोकाला एफ/२.८ आणि लांब टोकाला एफ/४.५. तसाच हिशोब केला तर तो रुंद टोकालाही फोनच्या दोन तृतीयांशच प्रकाश घेतो. साठ हजार घालून घरात संध्याकाळी फोनपेक्षा दाणेदार फोटो आला तर वाईट वाटेल, आणि तो तसा येण्याचीच शक्यता जास्त. त्या कॅमेऱ्याचा गुण आहे २४ ते २०० मिलिमीटरचा झूम. भर उन्हात, जत्रेत, प्रवासात तो मस्त. तुमची यादी मात्र त्या कामाची नाही.

फोन अंधारात चांगला का दिसतो? तो एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. भिंत, देव्हारा, झोपलेलं मूल इथे हे जमतं. चार वर्षांची पळती पोरगी इथे जमत नाही, कारण प्रत्येक फ्रेममध्ये ती दुसरीकडे असते. तिला थांबवायला १/२५० सेकंद शटर लागतं, आणि घरातल्या एलईडी उजेडात त्यासाठी आयएसओ (उजेड कमी पडला की वाढवावी लागणारी संवेदनशीलता, ती वाढली की फोटो दाणेदार होतो) ६४००च्या पुढे जातो. तिथे मोठा सेन्सर पैसे वसूल करतो. फुजीतलं सहा स्टॉपचं स्टॅबिलायझेशन मात्र तिच्यासाठी निरुपयोगी. ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, मुलीचं पळणं नाही.

उलट अजिंठ्यात तेच स्टॅबिलायझेशन सोनं आहे. लेण्यांत फ्लॅशला बंदी, उजेड मुद्दाम मंद ठेवलेला, ट्रायपॉडला परवानगी लागते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर हातात धरून एफ/२ला १/८ सेकंदाने फोटो घेता आला तर आयएसओ बराच खाली राहतो आणि रंगांतले बारीक उतार टिकतात. सोमवारी लेणी बंद असतात, ते लक्षात असू द्या. पण वर्षातून किती वेळा जाणार?

हतनूरच्या पक्ष्यांचं सोडून द्या. धरणाच्या काठावरून हिवाळी बदकं टिपायला ६०० मिलिमीटर लागतं. फुजीची लेन्स ३५ला अडकलेली, क्रॉप करून ७०पर्यंत नेली तर ४० मेगापिक्सेलचे १० उरतात. सोनीचे २००ही तोकडेच. पक्षी हे लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्याचं किंवा लांब झूमच्या ब्रिज कॅमेऱ्याचं काम.

४० मेगापिक्सेलच्या मोहात फार पडू नका. बारा बाय अठरा इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने काढायला १९-२० मेगापिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवलेला फोटो दोन मेगापिक्सेलच्या आसपास येतो, तिथे फुजी आणि फोन यांत भाऊबंदांना काही फरक दिसणार नाही. प्रिंट काढणार नसाल तर अर्धे पैसे इथेच वाया.

ऑर्डरींचं गणित मी धरलेलं नाही, तुम्हीही धरू नका. एकच ठरावीक लेन्स, कार्डाचा एकच खाचा, त्यामुळे कार्ड बिघडलं तर दुसऱ्याचा साखरपुडा गेला. स्टेजवरच्या कामाला झूम आणि बाहेरचा मोठा फ्लॅश लागतो. धंदाच करायचा तर तो वेगळा कॅमेरा आणि वेगळा हिशोब. आधी ऑर्डर हातात हवी.

आपल्याकडचं ऊन आणि धूळ दोन्ही किमतीत धरावी लागतात. असे कॅमेरे साधारणपणे शून्य ते चाळीस अंशांसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसच्या वर जातं. गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवायचाच नाही. लेन्स निघत नसल्याने सेन्सरवर धूळ गेली तर घरी पुसता येत नाही, सर्व्हिस सेंटरलाच पाठवावा लागतो. बाहेर येणारी झूम लेन्स हवेबरोबर धूळही ओढते. रिकोच्या जीआर थ्री या खिशातल्या कॅमेऱ्याचीही ही तक्रार प्रसिद्ध आहे, शिवाय त्याला व्ह्यूफाइंडर नाही, म्हणजे बारा वाजताच्या उन्हात शेतात स्क्रीनवर काही दिसत नाही. फुजीला धुळीपासून सीलबंद करायचं तर ॲडॅप्टर रिंग आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर ‘वेदर रेझिस्टंट’ नुसतं जाहिरातीत. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, पाकिटं गुलाबी झाली की बदला. बुरशी लागलेल्या लेन्सला गिऱ्हाईक मिळत नाही.

फिल्टर, रिंग, जादा बॅटरी, कार्ड धरून फुजी १,७२,०००ला पडेल. तीन वर्षांनी तो साठ टक्क्यांना, म्हणजे ९६,०००ला गेला असं समजू. तीन वर्षांत ७६,००० गेले, आणि अडकलेल्या रकमेवर सात टक्क्यांनी बुडालेलं व्याज वर्षाला १२,०००. मिळून वर्षाला सुमारे ३७,०००, महिन्याला तीन हजारांच्या वर. सोनी सामानासह ६५,०००ला घेऊन ४०,०००ला विकला तर हाच आकडा वर्षाला १३,०००. स्वस्त आहे, पण तुमच्या मुलीच्या फोटोंसाठी फोनपेक्षा मागे असलेल्या वस्तूला वर्षाला तेरा हजार कशाला द्यायचे?

नोव्हेंबरपर्यंत एक काम करा. फोनमधले शेवटचे तीनशे फोटो उघडा. प्रत्येकाच्या तपशिलात आयएसओ, शटर आणि झूम दिसतो. घरात काढलेले, आयएसओ हजाराच्या वर आणि माणूस हललेला असे किती? तीनपटीच्या पुढे झूम केलेले किती? पहिले जास्त निघाले तर मोठा सेन्सर तुमच्या कामाचा. दुसरे जास्त निघाले तर फुजी घेऊन पस्तावाल.

कांदेबागेचा भाव कळला की पुन्हा हिशोब मांडा. नव्या उचलीला हात न लावता, पुढची लागवड १,३०,०००, मृगबागेचा उरलेला खर्च १,१०,०००, जूनपर्यंतचं घर आणि एफडी १,३२,०००पर्यंत (सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी) नेणं, एवढं आधी वजा करा. सहाशेतीस क्विंटलला हजाराचा भाव लागला तर तरीही सव्वादोन लाखांच्या वर उरतात. एक टर्म इन्शुरन्स काढून नवा फुजी रोखीने घ्या, माझी हरकत नाही. आठशे लागला तर लाखभर उरतील, तेव्हा याच घराण्यातला जुना वापरलेला बघा : २०१७चा एक्स १०० एफ २४ मेगापिक्सेलचा, २०२०चा एक्स १०० व्ही २६चा. दोघांत स्टॅबिलायझेशन नाही, पण सेन्सर तेवढाच आणि लेन्स एफ/२ची, म्हणजे मुलीसाठी जवळपास तोच निकाल. सातशेच्या खाली आला तर फोन आहेच.

वापरलेला घेताना एफ/१६वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके बघा, ते सेन्सरवरची धूळ असतात. टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशीची जाळी दिसते का तेही बघा. नवा घेताना बिलावरचा सिरीयल नंबर खोक्याशी आणि कॅमेऱ्याच्या तळाशी जुळवा. भारतातली वॉरंटी नसलेला बाहेरून आणलेला माल दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळाला तरी नको, बिघडला की बघणारं कोणी नसतं. या मॉडेलची टंचाई सांगून छापील किमतीच्या वर मागतात, ते बेकायदेशीर आहे. दुकानातून उठा, दुसऱ्या गावात चौकशी करा.