चिप डिझाइनची मुलाखत: व्याख्येनंतरचा प्रश्न

मी चिप डिझाइनच्या मुलाखती घेतो. उमेदवारांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, म्हणून काही एकदम घेतो आहे.

प्रश्न: मुलाखत चार दिवसांवर आली आहे. सुरुवात कुठून करू?

चार महिन्यांपूर्वी करायला हवी होती. आता नवीन काही वाचू नका. रेझ्युमे समोर घ्या आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला तीनदा ‘का?’ विचारा. जिथे अडाल, तिथे ‘यात माझा भाग एवढाच होता’ हे स्वतःहून सांगायची तयारी ठेवा. या क्षेत्रातलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांच्यासमोर तासभर तोंडी सराव करा.

प्रश्न: व्हेरिलॉग (चिपचं वर्णन लिहायची भाषा) येतं. सिस्टिमव्हेरिलॉगही (तिचीच विस्तारित आवृत्ती) लागेल का?

लागेल.

प्रश्न: ७ नॅनोमीटर म्हणजे ट्रान्झिस्टरची लांबी ना?

नाही. ते तंत्रज्ञानाच्या पिढीचं नाव आहे. त्या मापाची वस्तू चिपवर शोधू नका.

प्रश्न: सेटअप आणि होल्डच्या व्याख्या तोंडपाठ होत्या, तरी त्याच प्रश्नावर अडलो.

फ्लॉप म्हणजे क्लॉकच्या ठोक्याला, म्हणजे एजला, एक बिट पकडून ठेवणारा घटक. एजच्या आधी डेटा जेवढा वेळ स्थिर हवा तो सेटअप, एजनंतर जेवढा वेळ हवा तो होल्ड. व्याख्येनंतरचा प्रश्न असा असतो: चिप बनून आली आणि सेटअप चुकलेला निघाला, काय कराल? क्लॉक हळू केला की चिप निदान चालते. होल्ड चुकला असेल तर? क्लॉक कितीही हळू करा, उपयोग नाही. एकाच एजवरच्या त्या शर्यतीत क्लॉकचा कालावधी गणितात येतच नाही. दोन फ्लॉप काढा, मध्ये थोडं लॉजिक काढा, खाली वेव्हफॉर्म काढा आणि हे स्वतःच्या हाताने सिद्ध करा. पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या प्रश्नाला टिकत नाही.

प्रश्न: दोन फ्लॉप टाकले की मेटास्टेबिलिटी जाते, असं सगळे सांगतात. मुलाखतीत एवढं पुरेल ना?

हे ‘सगळे’ कोण, ते मला एकदा भेटायचं आहे.

मेटास्टेबिलिटी जात नाही. क्लॉकच्या एजपाशीच डेटा बदलला, तर पहिला फ्लॉप ० आणि १ यांच्या मध्ये लटकू शकतो. दुसरा फ्लॉप त्याला स्थिर व्हायला जवळजवळ एक क्लॉक एवढा वेळ मिळवून देतो. हा वेळ वाढला की दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर घातांकी गतीने वाढतं. म्हणजे शक्यता नगण्य होते, शून्य होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. एका उमेदवाराला मी विचारलं, चार बिटांचा काउंटर दुसऱ्या क्लॉकवर न्यायचा असेल तर? त्याने फळ्यावर झरझर प्रत्येक बिटाला दोन-दोन फ्लॉप काढले आणि खडू खाली ठेवला. मी म्हटलं, काउंटर ०१११ वरून १००० वर जातो आहे, आता पलीकडे काय दिसेल? चारही बिट एकदम बदलतात, पण एखादा या क्लॉकला पकडला जाईल, एखादा पुढच्या. पलीकडे ११११ दिसू शकतं, ०००० दिसू शकतं, खरं तर सोळांपैकी कोणताही आकडा. ग्रे कोडमध्ये, म्हणजे लागोपाठच्या आकड्यांत एकच बिट बदलेल अशा मांडणीत, हाच बदल ०१०० ते ११०० असा होतो. एकच बिट हलतो, त्यामुळे जुना आकडा दिसेल किंवा नवा, तिसरा नाही. असिंक्रोनस फिफोचे (दोन वेगळ्या क्लॉकमधली डेटाची रांग) पॉइंटर ग्रे कोडमध्ये असतात ते यासाठी.

त्यावर मी आणखी ताणतो. काउंटर ० ते ५ एवढाच असेल तर? नेहमीच्या ग्रे कोडमध्ये ५ म्हणजे १११ आणि ० म्हणजे ०००. परत फिरताना तीन बिट हलले, सगळी मेहनत वाया. आणि काउंटर नसून साधी डेटा बस असेल, तर ग्रे कोड कामाचाच नाही. तिथे डेटा स्थिर धरून ठेवायचा आणि एकच कंट्रोल सिग्नल सिंक्रोनायझरमधून, म्हणजे त्या दोन फ्लॉपमधून, न्यायचा.

‘पण सिम्युलेशनमध्ये चालतं’ हे कृपया म्हणू नका. साध्या आरटीएल (व्हेरिलॉगमध्ये लिहिलेल्या डिझाइनच्या) सिम्युलेशनमधला फ्लॉप कधी लटकत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दोन क्लॉक असतील, तर क्लॉक-क्रॉसिंगचं काम केलेल्या अनुभवी इंजिनिअरकडून तो आधी तपासून घ्या.

प्रश्न: एक संस्था ‘शंभर टक्के नोकरी’ आणि तयार प्रोजेक्ट देते, पण मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेते.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. तयार प्रोजेक्टचं म्हणाल, तर तोच प्रोजेक्ट आमच्याकडे दहा जण घेऊन येतात, कॉमेंटमधल्या स्पेलिंगच्या चुकीसकट. आयकॅरस व्हेरिलॉग, व्हेरिलेटर, योसिस, जीटीकेवेव्ह ही चिप डिझाइनची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. २०२० पासून स्कायवॉटर या चिप कारखान्याची १३० नॅनोमीटरची पीडीकेही (तिथे बनणाऱ्या चिपसाठी लागणाऱ्या नियमांचा आणि माहितीचा संच) खुली आहे. ओपनरोड हे सॉफ्टवेअर वापरून लेआउटपर्यंत (चिपवरच्या प्रत्यक्ष नकाशापर्यंत) जाता येतं. एक छोटा फिफो स्वतः लिहा, स्वतः मोडा, स्वतः दुरुस्त करा.

प्रश्न: डिझाइन जमत नसेल तर व्हेरिफिकेशन (डिझाइनमधल्या चुका शोधण्याचं काम) घ्यावं, असं मित्र म्हणतो. खरं आहे का?

ज्याला डिझाइन कळत नाही, तो त्यातली चूक कशी शोधणार? १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकत असल्याचं उघड झालं. कारण काय, तर एका तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. निर्णय घेण्याआधी मित्राला सोडून दोन्ही कामं करणाऱ्यांशी बोला.

प्रश्न: जुन्या कंपनीतल्या चिपबद्दल किती सांगावं?

गोपनीयतेच्या करारात बसेल तेवढंच. शंका असेल तर त्या कंपनीच्या एचआरला किंवा वकिलाला विचारा. ‘ते सांगता येणार नाही, पण त्याच जातीचं उदाहरण फळ्यावर काढतो’ असं म्हणणाऱ्याला मी जास्त गुण देतो. ब्लॉक डायग्राम भडाभडा काढणारा उद्या आमचाही काढेल.

प्रश्न: आदल्या रात्री झोप येत नाही. मित्राने एक गोळी दिली आहे, घेऊ का?

नको. डॉक्टरांना विचारा, आणि तेही आदल्या रात्री नव्हे, या आठवड्यात.