मुलीची वही आधी परत द्या

सप्रेम नमस्कार.

आपल्या बारावीतील मुलीला नॅनोकणांचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, लेप असलेल्या द्रवरूप धातूच्या थेंबांवर संशोधन करायचे आहे, आपल्याला तिने संगणक अभियांत्रिकीकडे जावे असे वाटते आणि मी तिची समजूत घालावी अशी आपली विनंती आहे. ती मी मान्य करू शकत नाही. आपण तिचे गुण आणि भाच्याचे पॅकेज यांविषयी सविस्तर लिहिले आहे. तिला हा विषय का आवडतो, याविषयी मात्र एक ओळही नाही. तिच्या टिपणांची वही आपण ‘हे खूळ पुरे’ म्हणून कपाटात बंद केलीत, हे मला तिच्या गुणांपेक्षा अधिक चिंताजनक वाटते. त्यामुळे तिचा अभ्यास वाढणार नाही, ती आपल्यापासून वाचन लपवू लागेल एवढेच. वही आजच परत करावी.

‘पाऱ्याशी खेळून पोट भरत नाही’ असे आपण लिहिता. पण यात पारा नाहीच. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात गॅलिन्स्टन, म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचा खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा मिश्रधातू, वापरला होता. त्याचा थेंब टेफ्लॉनच्या भुकटीत घोळवला, तर त्यावर विद्युतरोधक थर बसतो. टंगस्टन ऑक्साइडसारख्या अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या) कणांत घोळवला, तर हा लेपच आतल्या धातूशी इलेक्ट्रॉनिक सांधा, म्हणजे विजेच्या वहनावर परिणाम करणारी जोडणी, बनून काम करू लागतो. अशा लेपित थेंबाने पाण्यातील जड धातूंचे आयन ओळखता येतात, हेही त्यांनी दाखवले. आपण सुचवता त्या संगणकाच्या चिपमागेही अर्धवाहकांच्या सांध्यांचेच भौतिकशास्त्र आहे, तेव्हा मुलगी भलत्याच वाटेला लागली आहे असे समजण्याचे कारण नाही.

तिलाही एक स्पष्ट सांगतो. नावात ‘नॅनो’ आहे म्हणून कोणतीही पदवी निवडू नये. आधी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा धातुशास्त्र पक्के करावे. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी आयएटी, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठी नेस्ट, अभियांत्रिकीसाठी जेईई व सीईटी या प्रवेश परीक्षांचे मार्ग आहेतच. संशोधनात पीएचडीपर्यंतची वर्षे धरावी लागतात आणि त्या काळात भाच्याइतका पगार मिळणार नाही, हे दोघांनीही आताच मान्य करावे. संगणक अभियांत्रिकीचा अर्ज भरण्यास माझी हरकत नाही. पसंतीक्रम मात्र तिने ठरवावा, आणि त्याविषयी काही विचारायचे असल्यास पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे.